रोज एक लेख म्हणता? आधी माझे धणे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत तुम्ही घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायकांसाठी एक लेख छापलात. त्यात म्हटलं होतं की ऑनलाइन धंदा वाढवायचाय ना, मग वेबसाइटवर रोज एक लेख टाका, शंभर दिवस न चुकता, गिऱ्हाईक आपोआप येतं. तो लेख मला तीन मैत्रिणींनी फॉरवर्ड केला, एकीने तर खाली लिहिलं, तू हे केलंयस ना गं, मला पण शिकव. म्हणून हे पत्र. कारण मी ते खरंच केलंय. शंभर दिवस नाही, सदतीस दिवस. अडतिसाव्या दिवशी काय झालं ते सांगते आणि मग तुम्हाला एक विनंती करते. पत्र लांबणार आहे, तुम्ही कापालच, फक्त धण्यांचा भाग कापू नका.

माझा धंदा भाजणीचा. थालीपिठाची, चकलीची, उपासाची, शिवाय मेतकूट आणि गोडा मसाला. डहाणूकर कॉलनीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, त्याची मागची बाल्कनी बंद करून तिथे शेगडी आणि मोठी लोखंडी कढई, झाला आमचा कारखाना. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायटीत द्यायला सुरुवात केली, मग सोसायटीतल्यांची मुलं बंगलोर हैदराबादला त्यांना कुरिअर, असं करत करत २०२२ मध्ये भाच्याने वेबसाइट करून दिली. वेबसाइट झाली आणि मी वाट बघत बसले. आता येणार कोण? पुण्यात भाजणी विकणाऱ्या बायका काय कमी आहेत का, एका गल्लीत चार सापडतील आणि चौघींची चांगली असते.

मग कोणीतरी सुचवलं म्हणून एका ऑफिसात गेले, वेबसाइट गूगलवर वर आणून देतात म्हणे. काचेचं दार, फुल एसी, समोर माझ्या भाच्यापेक्षा लहान मुलगा, मॅम मॅम करत त्याने सांगितलं की सगळा खेळ कंटेंटचा आहे. रोज एक लेख, कमीत कमी आठशे शब्द, त्यात 'थालीपीठ भाजणी' दहा-बारा वेळा आलं पाहिजे आणि पहिल्या ओळीत तर आलंच पाहिजे. त्यांच्याकडून लिहून घ्यायचे महिन्याचे पैसे ऐकले आणि म्हटलं राहू दे बाबा, मीच लिहिते, मराठी घेऊन बीए केलंय, आठशे शब्द म्हणजे असे कितीसे.

१ ऑगस्ट २०२३ ला सुरुवात केली. पहिले आठ-दहा दिवस सांगू का, फार मजा आली. सासूबाईंची भाजणी कशी असायची, धान्य वेगवेगळं का भाजायचं, बाजरी आणि हरभऱ्याची डाळ एकत्र कढईत टाकली तर बाजरी होऊन जाते आणि डाळ कच्ची राहते, मग थालीपीठ खाताना घशाशी का येतं, हे सगळं माझं रोजचं, लिहिताना थांबावं लागत नव्हतं. बाराव्या दिवशी विषय संपले. तुम्हीच सांगा, भाजणीवर बोलणार तरी किती? मग सुरू झालं थालीपीठ भाजणीचे फायदे, थालीपीठ भाजणी विकत घ्यावी की घरी करावी, पुण्यातली सर्वोत्तम थालीपीठ भाजणी, थालीपीठ भाजणी आणि मधुमेह, थालीपीठ भाजणी आणि केसांचं आरोग्य. केसांचं आरोग्य! मी स्वतः गेली पाच वर्षं केस रंगवते. इकडून तिकडून चार ओळी वाचायच्या, आपल्या शब्दांत फिरवायच्या, आठशे होईपर्यंत ताणायचं. मधुमेहावर मी कोण लिहिणार हो, पण लिहिलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते, तो लेख मी नंतर काढून टाकला.

त्यात त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणजे अधिक आणि निज मिळून ऑगस्ट आख्खा आणि अर्धा सप्टेंबर श्रावणच, उपासाच्या भाजणीला मागणी. पहाटे पाचला कढई चढायची, दुपारी वजनं आणि पाकिटं सील करणं, संध्याकाळी कुरिअरवाला, मग घरचा स्वयंपाक, आणि सगळे झोपले की साडेदहाला मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून. बारा, साडेबारा. लेख टाकला की झोपावं ना, तर नाही, किती जणांनी बघितला ते बघायचं. तीन. परत पाणी प्यायला उठले की बघायचं. चार. तो चौथा बहुतेक माझा भाचा.

हळूहळू काय झालं ते तेव्हा कळलं नाही, आता मागे वळून बघितलं की दिसतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की मला राग यायला लागला. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सगळी यातायात चाललीये त्यांचाच फोन आला की वाटायचं कशाला करतात हे फोन, सगळं लिहिलंय ना वेबसाइटवर. एका बाईंनी विचारलं, ताई यात गहू आहे का, तर मी चक्क म्हटलं, वाचा की जरा. पन्नाशीची मी, दुकानदार झाल्यासारखी बोलले (पुणेरी दुकानदार, तुम्हाला कळलं असेल). रविवारी भावाकडे जेवायला गेलो तर वहिनीने थालीपीठ केलेलं, माझ्याच भाजणीचं, प्रेमाने, आणि मला बघूनच नको झालं.

आणि मग अडतिसावा दिवस, ७ सप्टेंबर, गोपाळकाल्याचा. खाली चौकात सकाळपासून स्पीकर लागलेले. गणपतीच्या आधी पाठवायची थालीपिठाची भाजणी करत होते, सगळं मिळून अकरा किलो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, डाळी सगळं एकेक करून भाजून परातींमध्ये पसरलेलं. धणे मी शेवटी भाजते, मंद आचेवर, कारण धण्यांचं काम सेकंदांचं असतं, वास सुटला रे सुटला की उतरवायचे, चटचट आवाज यायला लागला म्हणजे उशीर झाला. तर धणे कढईत आणि माझं डोकं लेखाच्या मथळ्यात. थालीपीठ भाजणी आणि वजन कमी करणे की वजन कमी करण्यासाठी थालीपीठ भाजणी, गूगलला कुठलं जास्त आवडेल. मी ते धणे उतरवले, सगळ्यात मिसळले, डब्यात भरले आणि गिरणीत पाठवले. तासाभराने गिरणीवाल्या भाऊंचा फोन. ताई, अर्धं दळून झालंय पण थांबवलंय, वास वेगळा येतोय, करपट, एकदा येऊन बघता का.

मी गेले. डब्याचं झाकण काढल्याबरोबर तो वास. धणे आतून काळे झालेले होते आणि मला कळलं नव्हतं. संपादक साहेब, माझा धंदा ज्या नाकावर चालतो ते नाकच बंद पडलं होतं. सर्दी नाही, पडसं नाही, नुसतं बंद. अकरा किलो. घरी येऊन रडले, तर सासूबाई म्हणाल्या, अगं धण्याचं काय घेऊन बसलीस, परवाची आमटी पण बुडाला लागलेली होती, आम्ही सगळ्यांनी गुपचूप खाल्ली. मी म्हटलं सांगितलं का नाहीत? तर म्हणे तू सारखी त्या मशीनपाशी असतेस, सांगणार कधी.

बर्नआउटला मराठीत काय म्हणायचं यावर लोक बराच खल करतात, थकवा म्हणतात, शीण म्हणतात, मानसिक दमणूक म्हणतात. माझ्या मते आपल्याकडे शब्द आहेच, बुडाला लागणं. वरून पातेल्यात सगळं ठीक दिसतं, रटरट चाललेलं असतं, खाली धरलेलं असतं. आणि अशा वेळी आपण काय करतो, अजून जोरात ढवळतो. तिथेच चुकतं, कारण खालचं करपलेलं सुटून सगळ्या आमटीला वास लागतो. बुडाला लागलंय कळलं की गॅस बंद करायचा, अजिबात न ढवळता वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं, वाचेल ते वाचेल. मी मात्र तिसाव्या दिवसानंतर ढवळत होते, रोज एकच्या ऐवजी कधी दोन लेख लिहीत होते, बॅकलॉग नको म्हणून.

नंतर मी यावर वाचलं, आता वाचायची सवय लागलीच होती म्हणा. बर्नआउट हा शब्द कामाच्या संदर्भात शास्त्रात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये, आणि त्याने तो कुठे पाहिला तर न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या लोकांमध्ये. म्हणजे ज्यांच्यावर कोणी सक्ती केलेली नव्हती, आपण होऊन, जीव ओतून करणारे. आळशी माणूस बुडाला लागत नाही, तो मुळात गॅसच पेटवत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या नव्या आजार-यादीत याची नोंद स्पष्ट केली, यादी २०२२ पासून लागू झाली, त्यात हा आजार म्हणून धरलेला नाही तर कामातून येणारी अवस्था म्हणून धरलाय, कामावरचा ताण वेळच्या वेळी न सांभाळल्यामुळे येणारी. लक्षणं तीन दिलीत. अंगातलं सगळं त्राण संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून धड काही होत नाही असं वाटणं. रात्री साडेबारा, ताई यात गहू आहे का, आणि धणे. तिन्ही बसले की नाही बरोबर? त्यात असंही म्हटलंय की हा शब्द फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात वापरायचा, बाकी आयुष्याला लावायचा नाही. आता माझ्यासारखीने काय करायचं, एकाच गॅसवर सकाळी धंदा आणि संध्याकाळी वरण, कुठलं ऑफिस आणि कुठलं आयुष्य.

मी लिहिणं दोन महिने बंद केलं. आता खरी गंमत ऐका. दिवाळी उरकल्यावर भाचा आला (तो आत्या आत्या करत येतो आणि अर्धा किलो मेतकूट घेऊन जातो), त्याला म्हटलं जरा बस आणि मला हे गूगलचं नक्की काय असतं ते दाखव, त्या ऑफिसवाल्याचं नको, गूगल स्वतः काय म्हणतं ते. तर गूगलने लेख लिहिणाऱ्यांसाठी सूचना लिहूनच ठेवल्यात, सगळ्यांना वाचता येतील अशा. त्यात स्वतःलाच विचारायचे प्रश्न दिलेत, त्यातला एक असा आहे की गूगलला ठराविक शब्दसंख्या आवडते असं कुठेतरी ऐकलं म्हणून तुम्ही तेवढे शब्द लिहिताय का, आणि पुढे कंसात उत्तर पण देऊन टाकलंय, नाही, तसं काही नसतं. मी ते तीनदा वाचलं. माझे आठशे शब्द! दुसरा प्रश्न असा की विषयातलं स्वतःला काही कळत नसताना फक्त लोक येतील म्हणून त्यावर लिहिताय का. केसांचं आरोग्य. मला वाटलं हे माझ्या डायनिंग टेबलखाली बसून लिहिलंय.

भाच्याने मग सांगितलं की हे आजचं नाही. पोकळ, नुसते भरताड लेख खाली ढकलायला गूगलने २०११ मध्येच एक मोठा बदल केला होता, पांडा नावाचा, तेव्हा असे लेख साठवून ठेवणाऱ्या कितीतरी साइट आपटल्या. मग ऑगस्ट २०२२ मध्ये अजून एक बदल आला, माणसांसाठी लिहिलेलं वर आणायचं आणि गूगलसाठी लिहिलेलं खाली. त्याच डिसेंबरमध्ये, गूगलसाठी पानांचा दर्जा तपासणारी माणसं असतात, त्यांच्या नियमांत 'अनुभव' हा मुद्दा वाढवला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केलीये का. आणि पुढे मार्च २०२४ मध्ये तर नियमच आला की केवळ वर येण्यासाठी ढिगाने पानं पाडली, माणसाने पाडा नाहीतर मशीनने, तर तो गैरप्रकार धरणार. म्हणजे मी ऑगस्ट २०२३ मध्ये झोप मोडून जे करत होते ते त्याच्या वर्षभर आधीपासून गूगलला नको होतं. मी दमले याचं दुःख आहेच, पण फुकट दमले याचं जास्त आहे. माझ्या एकूण एक्केचाळीस लेखांपैकी (मधे डबल लिहिले ना) लोक आजही येतात ते सहा लेखांवर, आणि ते सहाच्या सहा पहिल्या बारा दिवसांतले आहेत.

भाच्याने दुसरा उपाय पण सुचवला, आत्या एआयकडून लिहून घे, दोन मिनिटांत होतं. बघितलं करून. मराठी छान होतं, खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा शुद्ध. फक्त त्याने भाजणीचं धान्य आधी रात्रभर भिजवायला सांगितलं आणि मग आंबवायला. थालीपिठाची भाजणी की इडली? मी ते छापलं असतं आणि कोणी करून बघितलं असतं तर शिव्या मशीनला पडल्या असत्या का?

आता मी लिहिते. बंद नाही केलं. पण कसं ते सांगते, कारण तुमच्या लेखात नेमकं हेच नव्हतं. फोनच्या शेजारी एक दोनशे पानी वही ठेवलीये, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तारीख आणि प्रश्न, बास. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्यावर लेख. त्याच्या आधी नाही. गेल्या दिवाळीच्या आधी एक प्रश्न चार दिवसांत पाच जणींनी विचारला, चकली तेलात सोडली की विरघळते, काय करू. आता याचं उत्तर मला झोपेत पण येतं. मोहन जास्त झालंय. भाजणी चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक मूग डाळ, अर्धी उडदाची डाळ या मापाची असो नाहीतर तुमच्या घरची वेगळी असो, मोहन बेताचंच लागतं, खुसखुशीत व्हायला म्हणून लोक हात सैल सोडतात आणि चकली तेलात पसरते. अशा वेळी पीठ टाकून द्यायचं नाही, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळायची, गरम पाण्याच्या हाताने परत मळायची, आधी एकच चकली तळून बघायची. आणि उलट चकली दगड झाली तर मोहन कमी, मऊ पडली तर बहुतेक तेल नीट तापलेलं नव्हतं. झालं. फोनवर सांगायला दोन मिनिटं, लिहायला वीस, अडीचशे शब्द पण झाले नसतील. तो लेख माझ्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त वाचला जातो. आणि खाली एक बाई लिहून गेल्या की रात्री अकराला पीठ घेऊन रडत बसले होते, तुमच्यामुळे पीठ वाचलं. ते वाचून मला जे वाटलं ते त्या सदतीस दिवसांत एकदा पण वाटलं नव्हतं.

टाइप सुद्धा कमी करते. फोनवर मराठीत बोललं की लिहून येतं, धान्य निवडता निवडता बोलते. चुका होतात, भाजणीचं भजनी करून ठेवतं, एकदा तर 'चकलीचे भजनी मंडळ' असं आलं, तसंच ठेवावं असं वाटलं होतं. पण बोलून लिहिलं की आठशे शब्द ताणता येत नाहीत, आपल्यालाच आपला कंटाळा येतो आणि आपण थांबतो. तोंडाला ब्रेक असतो, बोटांना नसतो.

दुसरं म्हणजे वेळ. माझा धंदा पंचांगावर चालतो, तर लेखांनी कॅलेंडरवर का चालावं? चैत्र-वैशाखात पापड कुरडयांचं वाळवण असतं, तेव्हा एक अक्षर लिहीत नाही. आषाढात ऑर्डरी जरा मंदावतात, बाहेर पाऊस, वहीतले प्रश्न साठलेले, तेव्हा बसून सात-आठ लेख एकदम करून ठेवते, पावसाळ्याची बेगमी करतात ना तशी उलटी, पावसाळ्यात दिवाळीची. मग गणपती ते दिवाळी मी फक्त डबा उघडून एकेक बाहेर काढते. दिवाळीच्या महिन्यात नवा लेख लिहायला बसणारी घरगुती व्यावसायिक मला दाखवा, मी तिच्या घरची आमटी चाखून सांगते. आणि चकलीचा लेख दर वर्षी नवा लिहीत नाही, जुन्यातच त्या वर्षीचे नवे प्रश्न घालते. चकली बदलली आहे का?

किती जणांनी वाचलं हे बघायचं काम भाच्याला देऊन टाकलंय. तो महिन्यातून एकदा सांगतो, मेतकूट न्यायला येतो तेव्हा. पासवर्ड पण बदलायला लावला त्याला, कारण मला माझी खात्री नाही.

आणि दुपारी एक ते चार मी फोन उचलत नाही. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय. हो, हसा. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने त्याचा फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खूप हसले म्हणे सगळे, त्यातून मला चार ऑर्डरी आल्या. गेली कित्येक वर्षं लोक पुण्याच्या या तीन तासांवर विनोद करतायत, पण पहाटे पाचला कढई चढवणाऱ्या माणसाने दुपारी पाठ टेकली नाही तर त्याचं काय होतं हे मी अकरा किलोंत मोजलंय. सकाळी आठवड्यातून तीनदा टेकडीवर जाते, फोन घरी. त्याबद्दल जास्त सांगत नाही, पुण्यात टेकडीवर जाणारा माणूस त्याबद्दल जास्तच सांगतो.

खरं खरं सांगायचं तर लिहिणं कमी केल्यावर पहिले दोन महिने वेबसाइटवर येणारे लोक कमी झाले आणि मी घाबरले होते. ऑर्डरी मात्र तेवढ्याच राहिल्या. कारण वेबसाइटवर नुसतं बघून जाणारे वेगळे आणि भाजणी घेणारे वेगळे, आणि घेणाऱ्यांतले निम्मे अजूनही कोणाच्या तरी जाऊबाईने सांगितलं म्हणून येतात. लेख त्यांना फक्त खात्री पटवतो की ही बाई खरंच भाजते. तेवढंच त्याचं काम आहे, फार नाही आणि कमी पण नाही.

माझं एक सोडा, माझ्या हातात थांबणं तरी होतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी पेइंग गेस्ट राहते, लातूरकडची, एका कंपनीसाठी असे लेख लिहिते, शब्दावर पैसे. आज दातांचा दवाखाना, उद्या पॅकर्स अँड मूव्हर्स, परवा सोलर पॅनल. ती स्वतः एक सूटकेस घेऊन पुण्यात आली, तिने आयुष्यात कधी घर हलवलं नाही, पण घर हलवण्यावर तिचे बारा लेख आहेत. एकदा भाजणी न्यायला आली तेव्हा म्हणाली, काकू गेल्या महिन्यात ऐंशी लेख लिहिले, एक सुद्धा आठवत नाही. हसत म्हणाली. पंचवीसची असेल नसेल. मी तिला गरम थालीपीठ आणि लोणी दिलं, दुसरं काय देणार. तिला टेकडीवर चल म्हणू शकते, पण तिच्या महिन्याच्या ऐंशीचे वीस कोण करणार? ते तिच्या साहेबांनी करायचं असतं. तुमच्या पुरवणीतला लेख असे सल्ले देतो तेव्हा ते ऐंशी कोणाच्या तरी ताटात वाढले जातात हे लक्षात असू द्या.

आता विनंती. ज्यांनी तो शंभर दिवसांचा लेख लिहिला त्यांचं सदर तुमच्याकडे आठवड्यातून एकदा येतं, आणि मध्यंतरी दोन आठवडे आलं नव्हतं, खाली तुम्ही छापलं होतं 'लेखक सुट्टीवर आहेत'. मला त्याचा अजिबात राग नाही, उलट बरं वाटलं, माणूस सुट्टीवर गेलाच पाहिजे. पण मग जो माणूस पूर्णवेळ लिहिण्याचे पैसे घेऊन आठवड्याला एक लिहितो तो पहाटे पाचला कढई चढवणाऱ्या बाईला रोज एक लिही म्हणून कसा सांगतो? लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये पत्रं लिहिली ती एकशे आठ, आणि त्याला दोनेक वर्षं लागली, आणि त्यांच्याकडे सांगायला आख्खा समाज सुधारायचा होता. माझ्याकडे भाजणी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी असं काही छापताना, ज्या बायका हे खरंच करतायत त्यातल्या दोघी-तिघींना फोन करून विचारा, किती दिवस जमलं, कधी थांबलात, त्यातून ऑर्डर किती आल्या. तुम्हाला नंबर हवे असतील तर मी देते, आमचा ग्रुप आहे, लोणच्याची आहे, गोधड्यांची आहे, एक उटणं करते. फक्त एक ते चारमध्ये करू नका. आणि जमलं तर हे पत्र दिवाळीच्या आधी छापा, नंतर छापून उपयोग नाही, तोपर्यंत अजून दोघी-तिघींनी शंभर दिवस सुरू केलेले असतील.

हे पत्र मी तीन दुपारी मिळून बोलून लिहिलंय, 'भजनी' जेवढे दिसले तेवढे दुरुस्त केलेत, एखादा राहिला असेल तर सांभाळून घ्या. गिरणीतून फोन येतोय, दळण झालंय, भाऊ म्हणतायत वास मस्त आहे.

आपली,
एक भाजणीवाली
डहाणूकर कॉलनी, पुणे
(नाव छापू नये, उगीच जाहिरात केल्यासारखं दिसतं)